'नेटवर आहे तेवढं पुरे' म्हणणाऱ्या पंचांना

आडवी_बॅट
परवा एका महाभागाने लिहिलं: "पंचांच्या परीक्षेला पुस्तक कशाला विकत घ्यायचं? नेटवर नियमांची पीडीएफ आहे, व्हिडिओ आहेत, तेवढं पुरे. क्रिकेटचे नियम काय रोज बदलतात?" त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून जरा सविस्तर.

रोज नाही बदलत. एमसीसीची (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा क्लब) २००० ची संहिता गेली, १ ऑक्टोबर २०१७ ला नवी आली. तिची दुसरी आवृत्ती एप्रिल २०१९ ची, तिसरी १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू. नेटवरून मात्र यातली एकही जात नाही. सगळ्या शेजारी शेजारी पडून असतात आणि कुणाच्याही कपाळावर 'रद्द' असा शिक्का नसतो.

हातातली पीडीएफ कुठल्या काळातली ते मिनिटभरात कळतं. नियम ३३ काढा. तिथे 'हॅण्डल्ड द बॉल' असेल तर ती २००० ची, रद्दीत टाका. २०१७ पासून ३३ म्हणजे झेल. चेंडू हाताळणं नियम ३७ मध्ये, 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड'मध्ये गेलं आणि बाद व्हायचे प्रकार दहाचे नऊ झाले. ३३ वर झेल दिसला की पुढची चाळणी: पुढे सरकलेल्या नॉन-स्ट्रायकरला बॉलरने धावबाद करायचं कलम कुठे आहे? ४१.१६ असेल तर २०१७ किंवा २०१९ ची, ३८.३ असेल तर २०२२ ची.

आणि हे नुसते आकडे नाहीत. शेवटच्या षटकाचे चार चेंडू बाकी, जमलेला फलंदाज नॉन-स्ट्रायकरला, समोरच्याने उंच मारला, दोघे एकमेकांना ओलांडून गेले, झेल पकडला. जुनी पीडीएफ वाचलेला पंच जमलेल्याला स्ट्राइक देणार. २०२२ पासून ओलांडलं काय, नाही काय, येणारा नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो. षटक संपलं असेल तर गोष्ट वेगळी. सामना तिथेच फिरतो राव.

गल्लीपंच
तो 'महाभाग' मीच. सगळं मान्य, पण तुम्ही लॉर्ड्सवर उभे राहता का? आमच्याकडे आठ षटकांचे टेनिस बॉलचे सामने, मॅटवर, एका बाजूला नाला. तिथे ३८.३ सांगायला गेलो तर लोक पंचालाच नाल्यात घालतील. आयोजकांच्या पत्रकात नियम असतात, त्यात नसेल ते समजुतीने.

दुसरं म्हणजे तुमचं 'ताजं तेच खरं' हे अर्धवट आहे. ६ नोव्हेंबर २०२३ ला दिल्लीत श्रीलंकेचा मॅथ्यूज टाइम्ड आउट (ठरल्या वेळेत खेळायला तयार नाही म्हणून बाद) झाला आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पंच दोन मिनिटं मोजायला लागला. दोन मिनिटं ही त्या विश्वचषकाच्या खेळण्याच्या अटींमधली. एमसीसीच्या नियम ४० मध्ये तीन मिनिटं आहेत. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेन्टीत दीड. सीमारेषेबाहेरून उडी मारत चेंडू दोन-दोनदा हवेत ढकलून पकडायचा झेलही तसाच: आयसीसीने जून २०२५ पासून बंद केला, एमसीसीच्या नियमांत तो बदल ऑक्टोबर २०२६ पासून. मधल्या काळात नुसत्या एमसीसीच्या नियमांवर खेळलेल्या सामन्यात बातमी वाचून नॉट आउट दिलं तर चूक पंचाची. जुनी माहिती एकदा फसवते, नवी अर्धवट माहिती दोनदा.

आडवी_बॅट
टाइम्ड आउटचा मुद्दा बरोबर. पण तो माझ्याच बाजूचा आहे हे लक्षात आलं का? तारीख बघा, आणि नियम कुणाचा तेही बघा, एवढंच तर म्हणतोय. पत्रकात नसेल ते समजुतीने म्हणजे काय? बहुतेक पत्रकांत शेवटची ओळ 'इतर सर्व नियम एमसीसीप्रमाणे' अशीच असते. कुठल्या सालच्या, ते कोणी लिहीत नाही.

तुमच्याच मॅटवरचं उदाहरण घ्या. चेंडू फलंदाजाच्या पॉपिंग क्रीजपर्यंत (त्याच्या पुढची रेषा) पोचण्याआधी दोन टप्पे पडला. २००० मध्ये चालायचा, दोनपेक्षा जास्त टप्पे झाले तरच नो-बॉल. २०१७ पासून एकापेक्षा जास्त म्हणजे नो-बॉल. टेनिस बॉलच्या सामन्यात हे दर दोन षटकांत घडतं. नाल्यात घालायचं तर यावर घालतील.

वहीवाला
पंचांनी एकमेकांची डोकी फोडून झाली असतील तर स्कोअररकडेही बघा. जुन्या माहितीचा सगळ्यात मोठा बळी आम्ही आहोत. नो-बॉल, कीपरला चुकला, चौकार. लिहायचं काय? नेटवरचे निम्मे व्हिडिओ सांगतात पाच नो-बॉल, पाचही बॉलरच्या नावावर. हे २०१७ ला संपलं. आता एक नो-बॉल अधिक चार बाय (बॅटला किंवा अंगाला न लागता मिळालेल्या धावा), बॉलरला फक्त एक. पॅडला लागून गेला तर लेग-बाय. वाइडला मात्र जुनंच: वाइड होऊन चौकार गेला तर पाचही वाइड आणि पाचही बॉलरच्या माथी.

कीपर_बिचारा
म्हणजे पाय रेषेपुढे टाकणार बॉलर, चेंडू जाणार लेगला दोन फूट, आणि बाय माझ्या नावावर चार? वा रे न्याय. नियम करणाऱ्यांपैकी कोणी ग्लोव्हज घातले होते का कधी?

वहीवाला
ग्लोव्हज कुणी घातले ते विचारू नका. खरा घोळ असा की ही चूक पकडताच येत नाही. डाव संपल्यावर आम्ही ताळा करतो: सगळ्या बॉलरच्या धावा अधिक बाय अधिक लेग-बाय अधिक पेनल्टी बरोबर एकूण धावा. जुन्या पद्धतीने बॉलरला पाच, बाय शून्य. नव्या पद्धतीने बॉलरला एक, बाय चार. दोन्हीकडे ताळा जुळतो, अवांतरही पाचच. वही हसतमुख, आणि बॉलरच्या चार धावा फुकट वाढलेल्या. आठ षटकांच्या सामन्यात उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस एवढ्यावर इकडचं तिकडे होतं.

गल्लीपंच
मग पंचाचा काय संबंध? वही तुमची, चूक तुमची.

वहीवाला
नियम २ वाचा, २०१७ पासूनच्या कुठल्याही आवृत्तीत. धावसंख्या बरोबर असण्याची जबाबदारी पंचांची. चेंडू डेड झाल्यावर (त्या चेंडूवरचा खेळ थांबल्यावर) नो-बॉलचा आडवा हात पुन्हा आमच्याकडे करायचा, आम्ही पोच द्यायची, मग बायचा उघडा पंजा डोक्यावर, पुन्हा पोच, मग चौकार. तुमच्यासारखे पंच एकदा हात आडवा करून पाठ फिरवतात. आम्हाला कळणार कसं, बॅटला लागला की नाही? ॲपवाल्यांचं तर विचारूच नका. नो-बॉल दाबल्यावर धावा बॅटच्या, बाय की लेग-बाय हे जे ॲप विचारत नाही ते त्याच क्षणी काढून टाका.

गल्लीपंच
'तुमच्यासारखे' म्हणजे? भर उन्हात तीन-तीन सामने एकटा पंच उभा असतो, समोर कपभर चहा नाही. मंडपात सावलीत बसून पेन्सिली चावणाऱ्यांनी शिकवू नये.

कीपर_बिचारा
भांडा, भांडा. त्या चार बाय कोणीतरी परत घ्या फक्त.

आडवी_बॅट
कीपरराव, तुमच्यासाठी आणखी एक वाईट बातमी. बॉलर धावत येताना कीपर चोरून मोठी हालचाल करून सरकला तर पूर्वी नुसता डेड बॉल होता. २०२२ पासून डेड बॉल आणि वर फलंदाजी संघाला पाच पेनल्टी धावा. बाकी क्षेत्ररक्षकांनाही तेच. फिरकीला पुढे येणं, फटका ओळखून सरकणं चालतं.

गल्लीपंच
ठीक आहे, बाबांनो. दोन टप्प्यांचा नो-बॉल या रविवारपासून देतो. आयोजकांच्या पत्रकात 'एमसीसी २०२२, तिसरी आवृत्ती' असंही लिहायला लावतो, म्हणजे शिव्या खाताना निदान आवृत्ती तरी ताजी असेल. त्या पाच पेनल्टी कीपरच्या बायमध्ये लिहायच्या का?

वहीवाला
नाही. बायमध्ये नाही, बॉलरलाही नाही. अवांतरमध्ये पेनल्टीचा वेगळा रकाना असतो. छापील वहीत नसेल तर लेग-बायच्या खाली हाताने आखून घ्या.