विषय: उत्तर: उत्तर: रविवारची जुन्या गाड्यांची सहल – ब्रॉडवेचा चढ

प्रेषक: मॉरिसवाले काका (रेडिंग)

मंडळी, एमजीवाल्यांनी आखलेला कॉट्सवोल्डचा रूट पाहिला. बर्फर्ड, स्टो, मोरटन, मग ए ४४ रस्त्याने फिश हिलचा घाट उतरून खाली ब्रॉडवेला जेवण आणि परत त्याच घाटाने वर. जाताना ठीक आहे हो, पण येताना दुपारी दोनच्या उन्हात, मागे दोन माणसं आणि डिकीत सगळे डबे घेऊन माझी मॉरिस मायनर तो घाट चढणार नाही. ट्रॅव्हलर मॉडेल आहे, १९६७ चं, १०९८ सीसी. गेल्या वर्षी स्टोच्या अलीकडे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, परत सांगत नाही. जेवणाची जागा बदला.

प्रेषक: एमजीवाला (स्विंडन)

काका, हा रूट मी तीन रविवार घालवून आखलाय आणि दोनदा स्वतः फिरून आलोय, जेवणाची जागा आता आयत्या वेळी बदलायची म्हणजे सगळंच हलतं. फिश हिल सेकंड गिअरमध्ये सावकाश घेतला की काही होत नाही, माझ्या एमजीबीचा तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. गरम व्हायला लागलीच तर हीटर पूर्ण चालू करा, इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणीही उघडायचं नाही, हे मी प्रत्येक वर्षी लिहितो.

प्रेषक: स्लाऊच्या वहिनी

जुलैत हीटर? आमच्या गाडीत आई असणार आहेत, त्या ७८ वर्षांच्या आहेत. वडे मी पहाटे पाचला तळायला घेणार आहे, ते कुठे खायचे तेवढं एकदा नक्की सांगा. ब्रॉडवेत नऊ गाड्या एकत्र लागणार नाहीत हे मी एप्रिलमध्येच लिहिलं होतं.

प्रेषक: मिल्टन कीन्सचे दादा

हीटरवरून आठवलं. आमच्या बाबांची अँबॅसेडर होती, म्हणजे मुळात काकांच्या मॉरिसची थोरली बहीणच, मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. ती इथे इंग्लंडमध्ये केव्हाच बंद झाली आणि आपल्याकडे उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीत हमखास थांबायची. मी आणि ताई उतरून चाकामागे दगड लावायचो, बाबा बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे, फडक्यातून वाफ निघालेली मला अजून दिसते. दहा मिनिटांत गाडी सुरू व्हायची. ओलं फडकं आणि पाण्याचा कॅन प्रत्येकाने ठेवाच.

प्रेषक: एमजीवाला (स्विंडन)

दादा, फडकं कशासाठी, तर पंपात पेट्रोलची वाफ होऊन अडकते त्यासाठी, रेडिएटर उकळला तर त्याचा उपयोग नाही. खरं सांगायचं तर मला चढापेक्षा मॉरिसच्या उताराची जास्त काळजी आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की खाली येईपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात.

प्रेषक: नवीन सभासद (डिडकॉट)

नमस्कार, पहिल्यांदाच येतोय. मिनी आहे, १९७४ ची. वाटेत साधं पेट्रोल भरलं तर चालेल ना?

प्रेषक: मॉरिसवाले काका (रेडिंग)

साधं अजिबात भरू नका. सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेनचं म्हणजे ई१०, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, ते इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं आणि गाडी उभी राहिली की पाणी धरतं. सुपर अनलेडेड घ्या, पंपावर ई५ लिहिलंय ते बघून. घरूनच टाकी भरून निघा. एमजीवाल्यांना : मी ड्रम ब्रेकवर ३० वर्षं उतरतोय, सेकंडमध्ये टाकून.

प्रेषक: बाथची ताई

मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून मध्ये बोलते. कॉट्सवोल्ड अगदी आपल्या सह्याद्रीसारखा आहे. बर्फर्ड-स्टोकडून येताना आपण देशावरून येतो, जमीन हळूहळू वर चढते. मग पश्चिमेला एकदम कडा तुटतो आणि खाली कोकणासारखं सखल. ब्रॉडवे त्या कड्याच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे एकदा खाली उतरलं की कुठूनही परत या, घाट चढावाच लागणार, स्टॅनवेकडून आलात तरी. मग उतरायचंच कशाला? फिश हिलच्या माथ्यावर पिकनिकची जागा आहे, ए ४४ ला लागूनच. ब्रॉडवे टॉवरची टेकडी जवळच, ३१२ मीटर, तिथून खालची सगळी सपाटी दिसते. वहिनींच्या आईंनाही वारा लागेल. एमजीवाल्यांचा रूट तसाच राहतो, फक्त शेवटची उतरण वजा.

प्रेषक: स्लाऊच्या वहिनी

मला चालेल. पण ब्रॉडवेचा चहा मी आईंना कबूल केलाय.

प्रेषक: एमजीवाला (स्विंडन)

ताई, पटलं. गूगल मॅपवर बदल आज रात्री टाकतो, दुसऱ्या कुणी टाकू नका, गेल्या वेळी दोन नकाशे फिरत होते. वहिनी, जेवण झालं की आईंना मी एमजीतून खाली चहाला नेऊन आणतो, पुढे डिस्क ब्रेक आहेत, काळजी नको.

प्रेषक: मॉरिसवाले काका (रेडिंग)

उत्तम. मोरटनच्या पुढे बोर्टन-ऑन-द-हिलचा चढ आहे तो मी सेकंडमध्ये घेणार, माझ्यामागे कुणी हॉर्न वाजवू नका. जड डबे दुसऱ्या गाडीत द्या. परवा ट्रॅव्हलरच्या मागच्या लाकडी चौकटीला तेल लावलंय, अजून हाताला लागतं, मुलांना टेकू देऊ नका. सव्वासातला निघतो.

प्रेषक: नवीन सभासद (डिडकॉट)

मिनीत एक डबा मावेल. कुणाकडून घेऊ?