ग्राफिक्स कार्डाचे नेमके मॉडेल: नावापेक्षा हार्डवेअर आयडी पाहावा

संगणकात नेमके कोणते ग्राफिक्स कार्ड आहे हे कळायला डीएक्सडायग या विंडोजमधल्या तपासणी-साधनात दिसणारे नाव पुरेसे आहे, असे म्हटले जाते. पण ते नाव ड्रायव्हरकडून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून येते आणि ड्रायव्हरच नसेल तर तिथे केवळ 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' एवढेच दिसते. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडी निवडावा, कारण हा आकडा विंडोज थेट कार्डाकडून वाचते आणि त्यासाठी ड्रायव्हर लागत नाही.

त्यात 'व्हेन' (VEN) या अक्षरांपुढे १०डीई (10DE) असेल तर चिप एनव्हीडियाची, १००२ असेल तर एएमडीची आणि ८०८६ असेल तर इंटेलची. 'डेव्ह' (DEV) पुढचे चार अंक चिपचा नेमका प्रकार सांगतात: एनव्हीडियाच्या जीटीएक्स १०६० या कार्डामध्ये १सी०३ म्हणजे ६ जीबीचे आणि १सी०२ म्हणजे ३ जीबीचे कार्ड, आणि हा फरक निव्वळ मेमरीचा नाही, कारण पहिल्यात १२८० कोअर (आकडेमोड करणारे घटक) आहेत तर दुसऱ्यात ११५२. 'सबसिस' (SUBSYS) पुढच्या आकड्याचे शेवटचे चार अंक कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे असतात. १०४३ आसुसचा, १४५८ गिगाबाइटचा, १४६२ एमएसआयचा. लिनक्सवर एलएसपीसीआय (lspci) ही आज्ञा 'एनएनव्ही' (-nnv) या पर्यायासह दिल्यास हेच आकडे मिळतात.

जुने कार्ड विकत घेणार असाल तर मात्र एवढ्यावर विसंबू नये, कारण कार्डाचा बायोस, म्हणजे कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम, बदलून हा आयडीही खोटा करता येतो. जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामची २०१८ नंतरची आवृत्ती एनव्हीडियाची अशी अनेक बनावट कार्डे ओळखून नावाआधी 'फेक' असे दाखवते. म्हणून पैसे देण्यापूर्वी ती विक्रेत्याच्याच संगणकावर चालवून पाहावी.