मदत हवी आहे : इंग्रजी शब्दकोड्यातले चार अक्षरी शब्द निघत नाहीत

राम राम मंडळी. मी नांदेडचा. मराठी शब्दकोडं वर्षानुवर्षं सोडवतो, पेपर आला की आधी तेच पान. आता लेकीसोबत इंग्रजीतलं सोडवायलोय, ती नववीला आहे मराठी मिडीयमला, तिचे शब्द वाढावेत म्हणून पुस्तक आणलं अन आता दोघांनाबी नाद लागलाय.

अडचण अशी की मोठे शब्द निघतेत, छोटे निघत नाहीत. कालचंच सांगतो. आडवा क्लू होता समुद्रावरचा गरुड, आमच्या डोक्यात ईगल पण घरं चारच, बाजूचे शब्द भरून ई, आर, एक रिकामं, ई एवढं आलं. त्याच रिकाम्या घरातून उभा शब्द खाली जायला, क्लू सुलावेसी बेटावरची बुटकी म्हैस, तिथं ए, रिकामं, ओ, ए. तासभर बसलो. शेवटी मागं उत्तर पाहिलं तर अर्न आणि अनोआ, मधलं अक्षर एन. लेक हिरमुसली, उत्तर बघून भरलेलं तिला चालत नाही. दोन्ही शब्द अनोळखी असले तर तुम्ही काय करता? पाठ करायचे का?

प्रतिसाद : दादा, वही करा पण डिक्शनरी पाठ करू नका. जाळी जुळवताना स्वर जास्त असलेले छोटे शब्द लई कामाला येतेत म्हणून तेच ते फिरून येतेत, सुयांच्या डबीचा ई-टी-यू-आय, खाणीत शिरायच्या आडव्या वाटेचा ए-डी-आय-टी. अडलेल्या घरात एकेक अक्षर ठेवून दोन्ही शब्द मोठ्यानं वाचा, निम्मी अक्षरं कानालाच खटकतेत. क्लू अनेकवचनी असला तर शेवटी बहुतेक एस, भूतकाळी असला तर ईडी बघा, क्लूमध्ये शॉर्टफॉर्म असला तर उत्तरबी शॉर्टफॉर्म. अन जाळी बघून पुस्तक घ्या, अमेरिकन पद्धतीत प्रत्येक अक्षर आडव्या अन उभ्या दोन्ही शब्दांत येतं, ब्रिटिश पद्धतीत साधारण निम्म्या अक्षरांना दुसरा आधारच नसतो, नवीन माणसाला ते जड जातं.

धागाकर्ता : ताई, लई आभार. आमचं अमेरिकन पद्धतीचंच आहे. वही आजच सुरू केली. आज एक क्लू आला, भारतात नदीवर उतरायच्या पायऱ्या, चार अक्षरं. मी इंग्रजी शब्द शोधत बसलो अन लेकीनं जी-एच-ए-टी लिहून टाकलं, घाट! गोदावरीच्या घाटावर लहानाचे मोठे झालो आम्ही, लई आनंद झाला. साडी, राणी, आया हे येतेत ते कळलं. आपल्याकडचे आणखी कोणते शब्द तुम्हाला अशा कोड्यात भेटले? स्पेलिंगसकट सांगा, वहीत वेगळं पान करायलोय.