पन्हाळ्याच्या रस्त्यावरची काळी फळे एल्डरबेरीची असतील का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिकडे भाद्रपदाच्या सुमारास कुंपणाकडेला पिकणाऱ्या एल्डरबेरी खुडून ती घरी पाक करते आणि थंडीत खोकल्यावर घेते. गेल्या रविवारी पन्हाळ्याहून उतरताना एका झुडपावर तशीच काळीभोर, बारीक फळे घोसाने लागलेली दिसली, म्हणून ओंजळभर आणली. खुडताना पाला चुरगळला तर उग्र वास आला आणि फांद्यांच्या काट्यांनी बोटे ओरखडली. सासूबाईंचा खोकला लांबला आहे, त्यांच्यासाठी पाक करावा का? अजून घरात कोणी फळ चाखलेले नाही.

उत्तर १:
ताई, कोणी चाखले नाही हे फार बरे झाले. एल्डर आपल्या सह्याद्रीत रानटी उगवत नाही. तुमच्या वर्णनावरून ही घाणेरी, म्हणजेच टणटणी दिसते. घाणेरीच्या एका देठावर एकच खरखरीत पान असते, फांदी चौकोनी व काटेरी असते, आणि एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी अशी फुले असतात. एल्डरला मात्र काटे नसतात, एका देठावर साधारण पाच ते सात पर्णिका असतात, फुले दुधाळ पांढरी असतात आणि फळांचे झुबके लालसर देठांवरून खाली झुकलेले असतात. घाणेरीचा पाला खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते व त्यांना ऊन सोसत नाही. तिच्या हिरव्या फळांनी मुलांना विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत. पिकलेली फळे पोरे खातात हे खरे असले, तरी घोसात एखादे कच्चे फळ हमखास राहते. आणलेली फळे टाकून द्यावीत.

उत्तर २:
मी काही वर्षे इंग्लंडमध्ये होते, म्हणून भाचीसाठी लिहिते. खरी एल्डरबेरीसुद्धा कच्ची खाऊ नये. तिची पाने, साल, देठ आणि कच्ची फळे यांत पोटात गेल्यावर सायनाइड सोडणारे द्रव्य असते. कॅलिफोर्नियात 1983 साली पाने-देठांसकट चिरडून काढलेला कच्चा रस प्यायल्याने अनेकांना मळमळ, उलट्या व चक्कर आली आणि काहींना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सगळे बरे झाले. मी जेवणाच्या काट्याने फक्त पूर्ण काळी फळे देठापासून ओढून काढत असे, उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटे मंद आचेवर उकळत असे आणि बिया न चिरडता रस गाळून घेत असे. त्याने खोकला जातोच असे मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. फळे टाकली, हातही धुतले. मग सासूबाईंना आपल्याकडचे काय देता येईल?

उत्तर ३ (गगनबावडा):
खोकला दोन-तीन आठवड्यांहून जुना असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. घशाला बरे वाटावे म्हणून, मधुमेह नसल्यास, कोमट पाण्यातून चमचाभर मध द्यायला हरकत नाही. रानफळाचाच पाक करायचा असेल, तर वैशाखात करवंदे घ्या. चीक जाण्यासाठी ती मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून धुवावीत, थोड्या पाण्यात मऊ शिजवून फडक्याने गाळावीत आणि साखर घालून पाक करावा. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये, आंबटपणाने ते कळकते. दाजीपूरच्या अभयारण्यात मात्र फळे खुडू नका, तिथे परवानगीवाचून वनोपज नेता येत नाही. आमच्या बाजूच्या बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे विकायला आणतात, त्यांच्याकडूनच घ्यावीत.