एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) रेग्युलर करू की इग्नूतून? (सध्या एनजीओत आहे)

बालाघाटकर:
नमस्कार मंडळी. बीए झालंय, बीड जिल्ह्यात एका संस्थेत ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचं काम बघतो. मुकादमाच्या मागे लागून टोळीची यादी घेणं, ग्रामसेवकाच्या सह्या, पोरं आईबापाबरोबर कारखान्यावर जाऊ नयेत म्हणून आजी-आजोबांना समजावणं, सगळं मीच करतो पण पोस्ट फील्ड असिस्टंटचीच, कारण वर जायचं तर एमएसडब्ल्यू मागतात. नोकरी सोडून रेग्युलर करणं अवघड आहे, धाकट्या बहिणीची फी मीच भरतो. इग्नूचं चालतं का? आणि पुढे नोकऱ्या नक्की कुठे असतात?

ओपीडीची_खिडकी:
इग्नूची डिग्री यूजीसीमान्य आहे, फील्डवर्क त्यातही करावंच लागतं. पण काही जाहिरातींत रेग्युलर मागतात, तेवढं बघून घ्या. मी हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. पेशंट आयसीयूत, नातेवाईक खिडकीपाशी उभे, रेशनकार्ड गावाला आणि तहसीलचा उत्पन्न दाखला काढलेलाच नाही, असं रोजचं. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, पण ते कागद जमवून बिल कमी करून आणायचं, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतंय का बघायचं, नाहीच बसलं तर ट्रस्टांना पत्रं लिहायची, आणि एवढं करून राउंडला डॉक्टर विचारणार मॅडम बेड कधी रिकामा होतोय 😅 मुकादमाकडून यादी काढणाऱ्या माणसाला हे जमेल.

चाकण_सेकंड_शिफ्ट:
पैसा बघायचा असेल तर कंपनीकडे या. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ५०० कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर लागायचा, नव्या लेबर कोडात तो आकडा २५० वर आणलाय. सीएसआरचंही (कंपनीने समाजकामावर करायचा खर्च) आहे, २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. पण खरं सांगू का, सीएसआरमध्ये बराच वेळ एक्सेल, फोटो आणि इम्पॅक्ट रिपोर्ट यातच जातो. गावात जायचं ते उद्घाटनाला. तुला ते झेपेल का बघ भावा.

तुळजापूर_पासआउट:
वरच्या दोघांनी मुद्द्याचं सोडलं. डिग्री कुठूनही घे, पण शिकतोस ते फील्डवर्कमध्ये. रेग्युलरला आठवड्यात साधारण दोन दिवस फील्ड, मग रिपोर्ट, मग आयसीत (सुपरव्हायझरबरोबरच्या एकट्याच्या बैठकीत) मॅडम एकेक ओळ धरून विचारतात की त्या बाईशी असं का बोललास. दहा वर्षं काम केलेल्या माणसालाही असं कोणी विचारत नाही, आणि इग्नूत ते सुपरव्हायझर कसा मिळतो त्यावर आहे. टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हटलं की लोक मुंबईचं देवनारच धरतात, पण तुळजापूरलाही कॅम्पस आहे, भर ग्रामीण कामावर आणि बीडहून जवळ. ॲडमिशन सीयूईटी पीजी या प्रवेश परीक्षेतून. स्कॉलरशिपचं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर बघ. पोलिसांकडचे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष टिसनेच १९८४ ला मुंबईत सुरू केले, आता जिल्ह्यांतही आहेत, तिथे एमएसडब्ल्यू लागतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षातही निघतात जागा पण कंत्राटी, दरवर्षी ऑर्डर कधी निघते म्हणून जीव टांगणीला. पगाराचं म्हणशील तर सुरुवातीला रडूच येतं, उगाच गोड बोलत नाही.

बालाघाटकर:
धन्यवाद सगळ्यांना 🙏 तुळजापूरचं डोक्यातच नव्हतं. इग्नू केलं तर सध्याच्या संस्थेतच फील्डवर्क दाखवता येतं का?

तुळजापूर_पासआउट:
स्टडी सेंटरला विचार, पण दाखवता आलं तरी दाखवू नको. रोज करतोस तेच परत लिहून काय मिळणार, हॉस्पिटल नाहीतर कोर्ट-जेल बघ. आणि सीयूईटीचा फॉर्म हिवाळ्यातच निघतो, तेव्हा तुझं वसतिगृह भरलेलं असणार, त्यामुळे जातीचा नि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव.