चेंबर ऑफ कॉमर्समुळे प्रदेशाच्या विकासात नेमकी कोणती भर पडते?

लघुउद्योजक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या उद्योगाला सहा वर्षे झाली आणि गेल्या महिन्यात चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या, सभासदत्वाचा अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडला. सोबतच्या माहितीपत्रकात 'प्रदेशाच्या सर्वांगीण विकासात मोलाचा वाटा' हे शब्द तीनदा आले आहेत. तो वाटा कोणता, हे मात्र एकदाही सांगितलेले नाही. छायाचित्रे आहेत ती सत्कारांची, फीत कापण्याची आणि शिष्टमंडळांच्या हस्तांदोलनांची.

वर्गणी वसूल होईल का, एवढाच माझा प्रश्न नाही. रस्ते, वीज आणि पाणी शासन पुरवते, भांडवल बँका देतात आणि रोजगार उद्योग उभा करतात. मग या सगळ्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या आणि स्वतः काहीही न बनवणाऱ्या संस्थेमुळे प्रदेश पुढे जातो, असे म्हणायला आधार काय? शिवाय चेंबरने पाठपुरावा करून एखादा रस्ता करून घेतला, तर त्यावरून सभासद नसलेल्यांचीही वाहने धावणारच. मग वर्गणी भरायची ती कोणी आणि कशासाठी? ज्यांनी हे काम आतून पाहिले आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

अर्थवाचक

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर मला त्यातच सापडते. ज्या कामाचा लाभ सगळ्यांना होतो आणि खर्च मात्र एकाच्याच अंगावर पडतो, ते काम एकटा उद्योजक कधीच हाती घेत नाही. १५९९ साली फ्रान्समधील मार्सेय बंदरात जगातील पहिले चेंबर मानले जाणारे मंडळ स्थापन झाले, तेव्हा समुद्रमार्गावरील चाचेगिरी हा तिथल्या व्यापाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न होता. एका गलबताच्या मालकाला चाच्यांचा बंदोबस्त करणे परवडणारे नव्हते आणि करून दाखवला असता तरी त्याचा फायदा त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळाला असता. पुढे ग्लासगो येथे १७८३ मध्ये आणि मुंबईत १८३६ मध्ये चेंबर स्थापन झाले, त्यांच्यामागेही हाच विचार दिसतो. संस्था स्वतः काही बनवत नाही हे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण तो तिचा दोष नव्हे; बनवणाऱ्यांच्या वाट्याला न येणारी कामे करण्यासाठीच ती असते.

वर्गणी कोणी भरायची, याची मात्र जगात निरनिराळी उत्तरे आहेत. जर्मनीत १९५६ च्या कायद्याने उद्योग-व्यापार चेंबरचे सभासदत्व सक्तीचे केले असून तिथे अशी ७९ चेंबर आहेत. या सक्तीविरुद्धची तक्रार तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने सक्ती कायम ठेवली. मात्र चेंबरने एकूण हित मांडताना अल्पमतातील सभासदांचे म्हणणे दडपू नये, हेही बजावले. त्या सक्तीच्या बदल्यात चेंबरकडे खरी कामे सोपवलेली आहेत. कारखान्यात प्रत्यक्ष काम करत आणि शाळेत शिकत तयार होणाऱ्या शिकाऊ कामगारांची परीक्षा चेंबर घेते आणि प्रमाणपत्रही चेंबरच देते. गावोगावचा उद्योजक ते प्रमाणपत्र पाहून माणूस कामावर घेतो, कारण परीक्षकांमध्ये त्याच्यासारखे लोकही बसलेले असतात. प्रादेशिक विकासातला चेंबरचा सर्वांत टिकाऊ वाटा कोणता, असे मला विचारले तर मी मेळाव्यांच्या आधी या परीक्षेकडे बोट दाखवीन.

याउलट ब्रिटन आणि अमेरिका येथे सभासदत्व ऐच्छिक आहे. तिथल्या संस्थांना वर्गणी दरवर्षी कमवावी लागते. त्यामुळे त्या चपळ असतात, पण मोठ्या देणगीदाराला दुखवायला कचरतात. स्पेनने २०१० मध्ये सक्तीची वर्गणी रद्द केली, तेव्हा अनेक चेंबरचे उत्पन्न आटले आणि परीक्षा, सल्ला, निर्यातसाहाय्य अशी शांतपणे चालणारी कामे किती पैसे खातात, हे सर्वांना दिसले.

माजी सचिव

मी एका ऐच्छिक सभासदत्वाच्या चेंबरचे कार्यालय नऊ वर्षे सांभाळले. नाव सांगत नाही, पण एक प्रसंग सांगतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तत्त्वापेक्षा त्यातून लवकर कळेल.

औद्योगिक वसाहतीत वीज वारंवार जात असे. दर तीन महिन्यांनी आम्ही निवेदन देत असू आणि त्याच शब्दांचे उत्तर येत असे: 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे.' शेवटी एका तरुण सभासदाने सुचवले, की निवेदन लिहिणे थांबवून नोंदवही ठेवू या. बावीस कारखान्यांत एकसारखी वही दिली. वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, कोणते यंत्र थांबले आणि ते पुन्हा चालू व्हायला किती मिनिटे लागली, असे चारच रकाने होते. पहिल्या महिन्यात निम्म्या वह्या कोऱ्याच परत आल्या. तेव्हा कार्यालयातील शिपाई दर सोमवारी फिरून त्या भरून घेऊ लागला.

तीन महिन्यांनी आकडे मांडले, तेव्हा आमचीच समजूत चुकीची निघाली. आम्ही ओरडत होतो ते तास-दीड तास वीज जाण्याबद्दल, पण खरे नुकसान होत होते ते काही सेकंदांच्या खंडाने. दिवा लुकलुकून परत येई आणि कोणाच्या लक्षातही राहत नसे; साच्यातील प्लास्टिक मात्र तेवढ्यात घट्ट होई आणि यंत्र साफ करून पुन्हा तापवायला चाळीस मिनिटे जात. हे खंड बहुतेक वेळा वाऱ्याच्या दिवशी आणि एकाच वाहिनीवर होत होते. त्या एका पानाच्या तक्त्यासह आम्ही वीज कार्यालयात गेलो, तेव्हा समोरच्या अभियंत्याने आमच्यासमोरच नकाशा उघडला. तारेला घासणाऱ्या फांद्या तोडल्या गेल्या, दुरुस्तीचा दिवस वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीशी जुळवला गेला. पुढच्या दोन वर्षांत त्याच वाहिनीवरच्या तीन उद्योगांनी आपला विस्तार इथेच केला. केवळ विजेमुळे केला असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्यापैकी एकाने जागा पाहायला येताना आमच्याकडून तोच तक्ता मागून घेतला होता.

निवेदन देणे आणि पुरावा देणे यांत हा फरक आहे. एकटा कारखानदार आपली वही घेऊन गेला असता तर ती तक्रार ठरली असती. बावीस वह्या एकत्र आल्या, की त्यांची माहिती होते.

शंकासुर

प्रसंग छान आहे, परंतु त्यातून एक गोष्ट निसटते. त्या वसाहतीतल्या सर्वांत मोठ्या कारखान्याने वही भरली होती का? माझा अनुभव असा, की ज्याला स्वतंत्र वाहिनी मिळालेली असते तोच कार्यकारिणीत बसलेला असतो आणि चेंबरचे 'प्रदेशाचे हित' म्हणजे बहुधा आधीपासून बस्तान बसलेल्यांचे हित असते. नवा प्रतिस्पर्धी येऊ नये, यासाठीही ठराव होतात. त्यांची भाषा मात्र विकासाचीच असते.

माजी सचिव

आपला अंदाज बरोबर आहे. त्यांनी वही भरली नव्हती. त्यांची वाहिनी वेगळी होती आणि बैठकीत त्यांचे प्रतिनिधी शांतपणे घड्याळ पाहत बसत.

प्रतिस्पर्ध्यांबद्दलचा मुद्दाही मला अमान्य करता येत नाही. मालवाहतुकीचे परवाने वाढवावेत, असा ठराव कारखानदार सभासदांनी आणला होता. वाहतूकदार सभासदांनी त्याला विरोध केला आणि दोन बैठका तो विषय 'वेळेअभावी' पुढे ढकलला गेला. त्या दोन्ही इतिवृत्तांवर माझी सही आहे. तिसऱ्या बैठकीत ठराव मंजूर झाला, पण चार वाहतूकदारांनी त्या वर्षी वर्गणी भरली नाही आणि आम्हाला सल्ला केंद्राचा एक कर्मचारी कमी करावा लागला. अर्थवाचक यांनी ऐच्छिक संस्थांबद्दल जे लिहिले आहे, ते आमच्या ताळेबंदात असे दिसले.

अर्थवाचक

म्हणूनच सभासद होण्यापूर्वी तीन कागद मागावेत, असे मी सुचवीन: मागील दोन वर्षांची इतिवृत्ते, एकूण वर्गणीपैकी पहिल्या पाच सभासदांचा वाटा किती आहे याचा हिशेब आणि कार्यकारिणीत आपल्या आकाराच्या उद्योगातून किती जण आहेत याची यादी. उत्पत्ती प्रमाणपत्र (माल कोणत्या देशात बनला याचा दाखला), तंटे तडजोडीने मिटवणे, निर्यातीची कागदपत्रे तपासणे या सेवा कार्यालयात प्रत्यक्ष कोण देते, हेही विचारावे. प्रमाणपत्रावर मालाचे वर्णन बीजकापेक्षा एका शब्दाने वेगळे पडले, तर माल बंदरात अडकतो. ती चूक टेबलावरच पकडणारा लिपिक ज्या चेंबरकडे आहे, त्याची वर्गणी मी आनंदाने भरीन.

लघुउद्योजक

सर्वांचे आभार. मी तिन्ही कागद मागितले. इतिवृत्ते दोन दिवसांत मिळाली, यादीही मिळाली. वर्गणीचा हिशेब 'वार्षिक सभेत ठेवला जातो' असे कळवण्यात आले. दोन वर्षांत चौदा निवेदने दिली गेली असून त्यांपैकी तीनच निवेदनांना आकडेवारी जोडलेली आहे. त्या तीनपैकी दोन प्रशिक्षण समितीची आहेत आणि त्या समितीत माझ्याएवढ्या आकाराचे चार उद्योजक आहेत. एक वर्षासाठी सभासद होण्याचे ठरवले आहे. अर्जातील 'कोणत्या समितीत काम करण्याची इच्छा आहे' हा रकाना मी रिकामा सोडला होता, तो आज भरला. वर्गणीच्या हिशेबाचा प्रश्न वार्षिक सभेत विचारीन आणि मिळालेले उत्तर इथेच लिहीन.