संरक्षण नेमके कोणत्या शब्दांना?

‘सभागृहात उच्चारलेल्या शब्दावर पोलिसांना कारवाईच करता येत नाही’ हे मत मला अर्धेच पटते. कर्नाटकातील चिकमगळूरचे चार वेळा आमदार राहिलेले आणि २०२३ च्या पराभवानंतर विधान परिषदेत आलेले सी. टी. रवी यांनी १९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या बेळगावातील सुवर्ण विधानसौधात (कर्नाटक विधिमंडळाच्या इमारतीत) मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांना अपशब्द वापरल्याचा आरोप झाला. त्यांनी तो फेटाळला, तरी अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला.

सभागृहातील भाषणाबद्दल वा मतदानाबद्दल आमदारावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही, हे घटनेच्या कलम १९४(२) चे संरक्षण आहेच. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये, आमदाराने मतासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरील सीता सोरेन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ते सभागृहाच्या कामकाजाशी निगडित कृतींपुरतेच असल्याचे स्पष्ट केले होते. आरोप खरा ठरल्यास स्त्रीला दिलेली शिवी कामकाजात मोडते, हे हेब्बाळकरांच्याच बेळगाव ग्रामीण मतदारसंघाची मतदार म्हणून मला मान्य नाही.